मेढ कुठे रोवायची

बसल्या बसल्या पाय हलवायची मला सवय आहे. आई लहानपणापासून ओरडते, मनू, पाय हलवू नको, घराला दारिद्र्य येतं. पाय काही थांबत नाही. पुढे मी शिकले, इंजिनिअर झाले, आणि आता दिवसभर वस्तू हलवण्याचाच पगार घेते. म्हणजे दारिद्र्याचा मुद्दा तरी निकालात निघायला हवा होता. आईने तो अजून सोडलेला नाही.

आमच्या लॅबमध्ये एक लोखंडी टेबल आहे, एखाद्या खोलीएवढं. त्यावर इमारतीचं छोटं मॉडेल बोल्टांनी घट्ट बसवायचं आणि टेबल हलवायचं. उगाच कसंही नाही. कुठेतरी खरोखर झालेला आणि यंत्राने टिपलेला भूकंप जसाच्या तसा त्या टेबलाला द्यायचा. कोयनेच्या धरणातल्या यंत्राने सदुसष्ट सालचा धक्का टिपला होता, तो आम्ही अजून वापरतो. ज्या धक्क्याने माणसं अंथरुणातून उठून बाहेर पळाली, तो मी एकदा जेवणाआधी देते आणि एकदा चहाआधी. मग काय फुटलं, आधी कुठे फुटलं, तिथेच का फुटलं, हे बघत बसायचं. इमारती कशा पडतात हे नीट कळलं की त्या पडू नयेत म्हणून काय करायचं ते सांगता येतं, असं आमचं म्हणणं.

या कामाने नजर मात्र बिघडते. पनवेलच्या एसटी स्टँडसमोर चहा प्यायला उभी राहिले की मी समोरच्या इमारतीचे खांब बघते. लग्नाला गेले की हॉलचे. लोक माणसाच्या तोंडाकडे बघून बोलतात, मी त्याच्या डोक्यावरच्या बीमकडे बघून बोलते. माझं लग्न का जमत नाही याचं उत्तर आईच्या मते यातच आहे, आणि ती अगदीच चूक असेल असं मला वाटत नाही.

आणि मी पाहिलेल्या खांबांत सगळ्यात जास्त छळणारे खांब आमच्याच घराचे.

घर पनवेलजवळच्या कोन गावात. माझ्या बाबांनी, म्हणजे भगवान घरत यांनी, गावठाणातल्या जागेवर बांधलेलं. वर चार मजले, एकावर आम्ही आणि बाकीच्यांवर भाडेकरू. खाली मात्र एकही भिंत नाही. नुसते खांब आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी फरशी. परक्या माणसाला वाटतं, गाड्या लावायला असेल. ती जागा हळदीसाठी आहे. आम्हा आगऱ्यांत लग्न एकवेळ थोडक्यात उरकेल, हळद उरकत नाही. सगळं गाव जेवतं, सगळं गाव नाचतं, डीजेचा टेम्पो थेट मांडवात घेतात. बाबांनी घर बांधतानाच ठरवलं होतं की गावातल्या कुणाच्याही पोराची हळद आपल्या घराखाली मावली पाहिजे. तेव्हापासून पाऊस असो, ऊन असो, मांडव आमच्याकडे. बाबा त्याचा कुणाकडून रुपया घेत नाहीत. रस्त्याने जाणारा माणूस आतली गर्दी बघून विचारतो, कुणाचं घर, आणि कुणीतरी सांगतं, भगवानशेठचं. बाबांना तेवढंच पाहिजे असतं.

आणि मला नेमकी तीच मोकळी जागा खाते. वरच्या मजल्यांना भिंती आहेत, त्या घराला ताठ ठेवतात. खाली भिंत नाही. जमीन हलली की वरचं सगळं घर एका तुकड्यात हलतं आणि वाकायचं काम खालच्या उघड्या पायांवर येतं. भुजच्या भूकंपात लांब अहमदाबादेतही अशा इमारती खाली बसल्या होत्या. वरचे मजले दिसायला बरे, खालचा मजला नाहीसा. मी बाबांना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून बघितले आणि म्हणाले, बांधकाम हलकं असल. डहाणू-पालघरकडे गेली काही वर्षं जमीन थरथरतेय, असं सांगितलं, तर म्हणाले, पालघर म्हंजे पालघर आनी पनवेल म्हंजे पनवेल. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. बाहेर मोठमोठे बिल्डर माझं ऐकून खांब जाड करतात, घरात मात्र माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

या वर्षी माझा धाकटा भाऊ प्रणित याचं लग्न ठरलं. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून. बाबा आता दोन्ही हौस एकाच छपराखाली भागवणार होते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना तिथे हळद लागली, आता आपल्या पोराला. ते दिवसातून दोनदा खाली उतरून नुसतेच उभे राहायचे, मांडव कुठून कुठे येईल ते डोळ्यांनी मोजायचे. मी म्हटलं, लग्नाआधी खाली थोडं काम करून घेऊ. ते म्हणाले, लग्न होऊ दे. मला त्यांचं "होऊ दे" माहीत आहे. लग्न झालं की सत्यनारायण, मग बारसं, मग कुणाची तरी दुसऱ्याची हळद. मी हट्टाला पेटले. माझ्यातला हा गुण बाबांकडूनच आलाय, त्यामुळे दोष तरी कुणाला देणार.

मी लॅबमध्ये आमच्या घराचं मॉडेल केलं. टेबल चालवणारी माझी मैत्रीण अनुया म्हणाली, मॉडेल करायचंच आहे तर कुठलंही कर, स्वतःचं घर कशाला. पण मला तेच पाहिजे होतं. जुने नकाशे काढले, तारा घालून खांब ओतले, वरच्या मजल्यांना इवल्या विटांच्या भिंती घातल्या. पिस्ता रंग दिला. गच्चीवर तुळस केली, पाण्याची काळी टाकी केली. या टाकीचा भूकंपाशी काही संबंध नव्हता. बाबांनी बघताक्षणी घर ओळखावं, इतकंच मला हवं होतं.

बाबा आले ते पांढरेशुभ्र कपडे घालून, मुलीच्या ऑफिसात जायचं म्हणून. वाद घालायच्या तयारीनेच आले होते. पण मॉडेल दिसलं आणि वाद राहिला बाजूला. त्यांनी त्याला एक फेरी मारली. वाकून गॅलरीचं ग्रिल बघितलं. गच्चीवर बोट टेकवून म्हणाले, टाकी बी केलीस? इतके खूश मी त्यांना माझ्यावर कधी बघितलं नव्हतं. शाळेतल्या बक्षिसालाही नाही, डिग्रीलाही नाही. मग म्हणाले, ह्याला हलवू नको, मी घरी नेतो, शोकेसमदी ठेवतो. अनुया हसली, मीही हसले. ते हसले नाहीत. मी तेव्हाच थांबायला हवं होतं, पण मी अनुयाला मान हलवून सांगितलं, चालू कर.

सुरुवातीला काहीच झालं नाही, नुसती घरघर. मग वरचे मजले एकदम बाजूला सरकल्यासारखे झाले, खालचे खांब माथ्याशी आणि पायाशी तडकले आणि आमचं पिस्ता रंगाचं घर आपल्याच खालच्या मजल्यावर बसलं. वरची एकही भिंत फुटली नाही. तुळस जागच्या जागी. टाकी तेवढी घरंगळत बाबांच्या बुटापाशी आली. त्यांनी ती उचलली, पुसली आणि खिशात टाकली. मला आनंद झाला होता, लपवण्यात अर्थ नाही. इतक्या वर्षांचा वाद मी जिंकले होते. घरी परतताना कळंबोलीला त्यांनी विचारलं, किती टाइम लागला त्याला? मी म्हटलं, काही सेकंद. मला वाटलं, बरोबर जागी लागलंय.

नंतर मला डहाणूकडे जावं लागलं. तिकडच्या गावांत शाळांच्या कोपऱ्यात, कुणाच्या घराच्या ओटीवर आम्ही जमिनीची थरथर टिपणारी यंत्रं बसवतो. एखादा लहानसा धक्का आला तरी तो आमच्या कामाचा. म्हणजे लोक देवाला म्हणतात, हलवू नको, आणि आम्ही वाट बघत बसतो. त्या आठवड्यात जमीन थरथरली म्हणून मी बसल्या जागेवरून चार वेळा उठले असेन. तिथल्या बायका गप्पा मारताना मधेच थांबून जमिनीकडे बघत, आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागत. मला कोनचं घर डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. एका दुपारी आईचा फोन आला. ती म्हणाली, तुझ्या बाबांनी तुझ्यासाठी काहीतरी केलंय, लवकर ये. फोन ठेवला आणि मी बॅग भरायला घेतली.

रिक्षातून उतरले आणि बघतच राहिले. घराखाली भिंती उभ्या होत्या. मागे एक सलग भिंत, दोन्ही बाजूंना दोन. ताज्या विटांवर ओली पोती पांघरलेली, बळीराम गवंडी पाइपने पाणी मारतोय. रस्त्याकडची बाजू मात्र पहिल्यासारखीच मोकळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काकू, आत्या, भावकीतल्या चार बायका तिथेच सावलीत लग्नाचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. बाबा पुढे आले. हाताला सिमेंट लागलेलं, म्हणजे विटा स्वतःही लावल्या असणार. म्हणाले, बघ, तुजं आयकलं. तीन बाजू तुला दिल्या, एक माज्या मांडवाला ठेवली.

आता हे नीट समजून घ्या, कारण मला त्या क्षणी नीट समजावून सांगता आलं नाही. आधी घराचे सगळे पाय सारखेच कमजोर होते. आता मागची बाजू भिंतीने जखडली आणि पुढची सुटी राहिली. जमीन हलली की घर नुसतं हलणार नाही, मागच्या भिंतीला धरून गरकन वळणार, दार बिजागरीवर फिरतं तसं. सगळ्यात जास्त फरफट रस्त्याकडच्या खांबांची. ज्या बाजूला पाचशे माणसं नाचणार, तीच बाजू आधी जाणार. बाबांनी लेकीवरच्या मायेने घर आधीपेक्षा धोक्याचं करून ठेवलं होतं.

मला एरवी राग आला की चारचौघांत बोलता येत नाही. त्या दिवशी आलं, आणि ऑफिसची मराठी गळून गावची भाषा तोंडात आली. मी म्हटलं, कुनाला विचारून केलं? कायच केलं नसतं ना, तर बरं झालं असतं. लोकांना दाखवायला तेवढं तोंड उघडं ठेवलंय. बडा घर, पोकळ वासा.

तांदूळ निवडणारे हात थांबले. बळीरामने नळ बंद केला. वरच्या गॅलऱ्यांतूनही कुणीतरी वाकून बघत होतं. बाबा ओरडले असते तर मी सांभाळून घेतलं असतं, आमची दोघांची ओरडायची सवय जुनी आहे. ते ओरडले नाहीत. हाताचं सिमेंट खरवडत म्हणाले,

"मनू, तू मना घर पडताना दाखवलंस. उभं कसं ऱ्हायाचं ते कुठं दाखवलंस?"

आणि ते जिना चढून वर गेले.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. घरात लग्नाची गडबड, बांगड्या भरणं, पाहुण्यांची यादी, आणि त्यात आम्ही दोघं एकमेकांना टाळत फिरतोय. मी जेवायला बसले की त्यांना भूक नसायची. ते टीव्हीसमोर बसले की मला गच्चीवर काम निघायचं. माझा पाय इतका हलायचा की प्रणित म्हणाला, ताई, तुझ्यावरच एक यंत्र बसव. मला हसूही आलं नाही. ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं, कारण ते खरं होतं. मी त्यांना घाबरवलं आणि निघून गेले. घाबरलेल्या माणसाने त्याला सुचेल ते केलं.

त्यातच एक दिवस हुस्नबानोने मला जिन्यात थांबवलं. ती दुसऱ्या मजल्यावर राहते, मूळची म्हसळ्याकडची, नवरा अदीब कुवेतला. लेकीला, झेबाला, घेऊन इथे एकटी असते. आमच्याकडच्या प्रत्येक हळदीला ती वरून शिरखुर्म्याचं पातेलं पाठवते, आणि ईदला आई तिच्याकडे घावने पाठवते.

"मनस्वी, तू खाली बोललीस ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं," ती म्हणाली. "अदीब रोज फोनवर विचारतो, मी काय जवाब देऊ? तुझ्या अब्बांना दुखवायचं नाही मला. पण खरं सांग, आम्ही राहायचं की जायचं?"

मला लाज वाटली ती याची की माझ्या सगळ्या हिशेबात हुस्नबानो होतीच, पण दुसऱ्या मजल्यावरचं वजन म्हणून. मॉडेल करताना तिच्या वजनाच्या हिशेबाने शिशाचा तुकडा मीच चिकटवला होता. मी तिला एवढंच सांगितलं की मागची भिंत काढली की घर आधीसारखं होईल, आणि आधीपेक्षा चांगलं करायचं कसं तेही मला माहीत आहे. तिने विचारलं, मग करत का नाही? मी म्हटलं, बाबांशी बोलायचंय. ती म्हणाली, मग बोल ना, ते वरच तर आहेत.

मी तशीच वर गेले. प्रणितच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा खोका काढला, देवघरातून अगरबत्त्यांचा पुडा घेतला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर फतकल मारून बसले. काड्यांचे खांब, पत्रिकांचे मजले, चिकटपट्टीने जोडलेले. वजन यावं म्हणून प्रत्येक मजल्यावर आईच्या डब्यातल्या सुपाऱ्या चिकटवल्या. आई म्हणाली, मेले, त्या सुपाऱ्या देवाच्या आहेत. पण बाजूला बसून चिकटपट्टी तीच कापून देत होती. खाली कपाटाची एक जुनी फळी ठेवली आणि फळीखाली गोट्या, म्हणजे ती सहज सरकावी. वरच्या मजल्यांना पत्रिकांच्या भिंती लावल्या. खालचा मजला उघडा ठेवला.

बाबा दुपारच्या चहाला आत आले आणि दारातच थबकले. आई म्हणाली, बसा हो, चहा होतोय. ते बसले, माझ्याकडे न बघता.

"मी हलवनार नाय," मी म्हटलं. "तुमीच हलवा."

त्यांनी चष्मा लावला. मग हळूच एका बोटाने फळी ढकलली. वरचे मजले एकत्र डुलले, खालच्या काड्या वाकल्या. मी पत्रिकेचे तीन तुकडे त्यांच्या हातात दिले. त्यांना सांगावं लागलं नाही, त्यांनी ते आपण बांधल्यासारखेच लावले, मागे एक आणि बाजूंना दोन. मी म्हटलं, आता आडवी ढकला, आपल्या रस्त्याला समांतर. त्यांनी ढकलली. घर मागच्या बाजूला धरून वळलं आणि पुढच्या काड्या तिरक्या झाल्या. बाबांनी हात काढून घेतला. पुन्हा ढकलून बघितली, जरा जोरात. पुढची एक काडी कट्‌कन मोडली.

मी मोडलेल्या काडीच्या जागी नवी लावली आणि आणखी पत्रिका त्यांच्यापुढे सरकवल्या. आईने चहा आणून ठेवला, तो निवला. त्यांनी मागची भिंत काढली. बघितलं. पुढची बाजू पूर्ण बंद केली, बघितलं, आणि स्वतःशीच नाय म्हणून तीही काढली. मग पत्रिकेची एक पट्टी घडी घालून पुढच्या कोपऱ्याला लावली, काटकोनात, दोन्ही बाजूंना थोडी थोडी. ती टिकतेय असं वाटल्यावर दुसऱ्या कोपऱ्याला, मग मागच्या दोन. मी घरासाठी काढलेला नकाशा हाच होता, चार कोपऱ्यांना चार काटकोनी काँक्रीटच्या भिंती, पायापासून वर बांधून घेतलेल्या. माझ्या वरिष्ठांनी तो तपासून दिलेला होता आणि लॅपटॉपमध्ये पडून होता. मी तो उघडला नाही.

बाबांनी फळी ढकलली. घर हललं, पण सगळं एकत्र, सरळ जाऊन सरळ आलं. त्यांनी अजून जोरात ढकलली. एक गोटी निसटून फ्रिजखाली गेली, घर उभंच. मग त्यांनी पुढच्या दोन कोपऱ्यांमध्ये उरलेली मोकळी जागा अंगठा आणि बोट ताणून मोजली. तेवढाच मांडव उरणार होता. ती वीत त्यांनी बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"टेम्पो आत येनार नाय," ते शेवटी म्हणाले.

"नाय येनार," मी म्हटलं.

चहा गार झाला होता, तो त्यांनी एका घोटात संपवला आणि खाली गेले. थोड्या वेळाने मागची भिंत फोडल्याचे आवाज यायला लागले. हा होकार समजायचा की नुसती भिंत गेली समजायची, हे मला कळेना. कोपरे कधी बांधणार, लग्नाआधी की "होऊ दे", हे विचारायचा मला धीर झाला नाही. हुस्नबानो जिन्यात भेटली की नजरेनेच विचारायची आणि मी नजर चुकवायचे.

मेढीचा दिवस आला. आमच्यात मांडवाचा पहिला खांब म्हणजे मेढ. उंबराची फांदी, तिला आंब्याची पानं, हळकुंड, सुपारी. ती रोवली की लग्नघर झालं. कुठे रोवायची ते भावकीतला मोठा माणूस सांगतो, म्हणजे आमच्याकडे बाबांचे थोरले भाऊ. वर्षानुवर्षं ती एकाच जागी रोवली गेली, घराखालच्या फरशीत मधोमध मुद्दाम ठेवलेल्या खळग्यात. सकाळी सगळे खाली जमले. दमयंती धवलारीण आली होती. आमच्याकडे लग्नाचे विधी भटजीच्या आधी तिच्या धवल्यांनी, म्हणजे लग्नाच्या गाण्यांनी, सुरू होतात. तिने हळदीकुंकवाचं ताट खाली ठेवलं, घसा साफ केला आणि दर वेळी विचारते तसं विचारलं, मेढ कुठं रोवायची?

थोरल्या काकांनी सवयीने खळग्याकडे हात केला. बाबा म्हणाले, थांब दादा.

"मनू सांगल," ते म्हणाले.

काकूंनी आत्याकडे बघितलं. बिनलग्नाच्या मुलीने मेढीची जागा सांगायची हे कुणी ऐकलं नव्हतं. बाबा माझ्याकडे बघतही नव्हते. हातात पहार घेऊन ते मी बोलायची वाट बघत उभे होते. मी चालत बाहेर रस्त्याकडे गेले, पुढच्या उजव्या कोपऱ्याच्या खांबापाशी. पहिली भिंत इथे यायची होती. मी बोटाने जागा दाखवली.

कुणीतरी म्हणालं, अरे, तिथून टेम्पो आत घेतात, नाचायचं कुठं मग? बाबा म्हणाले, हळद समोरच्या मैदानात. ह्या चारी कोपऱ्यांत आजपासून खड्डे पडतील, बळीरामला सांगितलंय. कुणी म्हणालं, लग्न तरी होऊ दे भगवान. तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

"लग्न झाल्यावर म्हंजे कधीच नाय," ते म्हणाले. "मना माजा सभाव माहीत हाय."

आणि त्यांनी पहार मारली. जोराचा घाव होता, तो मला तळपायात जाणवला. वरच्या गॅलरीत हुस्नबानो आणि झेबा कठड्याला टेकून बघत होत्या. दमयंतीबाईंनी धवला धरला, बायकांनी मागून सूर दिला. खड्डा हातभर झाला तशी आईने त्यात नाणं टाकलं, हळकुंड टाकलं, सुपारी टाकली. मग बाबांनी खिशात हात घातला आणि एक लहानशी काळी वस्तू काढली. ती लॅबमधल्या घराची पाण्याची टाकी होती. इतके दिवस ती त्यांच्या खिशातच होती, कपडे बदलले तरी. त्यांनी ती सुपारीशेजारी अलगद ठेवली.

"धर," ते मला म्हणाले.

मी मेढ दोन्ही हातांनी धरली. ते खाली वाकून माती लोटायला लागले, मग थांबले आणि वर बघितलं.

"सरळ हाय का बघ."

ती किंचित रस्त्याकडे कलली होती. मी ती सरळ केली, आणि बाबांनी माती दाबली.